रुपेरी बोचतो

“माग नंबर बारा कुठाय?”

आमच्या शेडच्या दारात उभ्या राहून एक बाई ओरडत होत्या. बारा माग एकदम चालू असताना दारातल्या माणसाचं ओरडणं आत पोचत नाही, पण इचलकरंजीत वाढलेल्या पोराला ओठ वाचता येतात. मी हातातला पाना खाली ठेवला आणि कोपऱ्यातल्या मागाकडे बोट दाखवलं. बारा नंबरचा माग तोच. मला वाटलं, कापडाची काही तक्रार घेऊन आल्यात.

बाई मागाकडे बघेनात. माझ्याकडेच बघत राहिल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि खांद्याला एवढी मोठी पर्स की तीत आठवड्याची भाजी मावावी. त्यांनी मला नुसत्या बोटानं बाहेर बोलावलं. त्या बोटात असं काही होतं की मी सव्वीस वर्षांचा गडी निमूट बाहेर गेलो.

“माग नंबर बारा या नावाने जो मुलगा इयरफोनांबद्दल वाटेल ते लिहितो, तो कुठे आहे?”

त्या दिवशी अकरा वाजता माझ्याकडे एक जण यायचा होता खरा. पण तो दाढीवाला, पुण्याचा, काळा टी-शर्ट घालणारा पुरुष असणार, अशी माझी दोन वर्षांपासूनची पक्की समजूत होती.

“तुम्ही वज्रकर्णांच्या आई काय?” मी विचारलं.

“मीच वज्रकर्ण,” बाई म्हणाल्या. “कुमुदिनी आरवाडे. निवृत्त मुख्याध्यापिका, सांगली. विषय विज्ञान. आणि तू दिलेला पत्ता चुकीच्या गल्लीचा होता.”

आता हे वज्रकर्ण प्रकरण सांगितलंच पाहिजे. फोनवर आमचा ‘श्रवणसुख’ नावाचा एक गट होता. महाराष्ट्रभरातले चारशे वेडे त्यात होते आणि सगळ्यांना एकच वेड, कानात घालायचे इयरफोन. त्यातही प्लेनर मॅग्नेटिक जातीचे. साध्या इयरफोनमध्ये एक इवलासा स्पीकर असतो. प्लेनरमध्ये त्याच्या जागी चुंबकांच्या मधोमध ताणून बसवलेला एक पातळ पडदा असतो आणि तो अख्खाच्या अख्खा हलतो. त्यामुळे आवाज कसा स्वच्छ, झटपट येतो. एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. आम्ही मात्र यावर रोज पानंच्या पानं लिहायचो आणि एकमेकांच्या उरावर बसायचो.

भांडणाचं मूळ दोन प्लेनर इयरफोन होते. एक रुपेरी रंगाचा आणि एक काळा. माझ्याकडे रुपेरी होता. काळा मी गटातल्या एकाकडून आठवडाभर मागून घेऊन ऐकला होता. मग मी लांबलचक लिहिलं, की रुपेरी मऊ आहे, कुठेही टोचत नाही, आणि काळा त्याच्यापुढे तिखट आहे. झालं. वज्रकर्ण तुटून पडले. त्यांचं म्हणणं बरोब्बर उलटं. काळा मऊ आणि रुपेरी कानात सुई घातल्यासारखा. गटातले बाकीचे सगळे त्यांच्या बाजूचे. मी एकटा एका बाजूला. पण मी हटलो नाही. दोन वर्षं मी रुपेरीची अशी बाजू लावून धरली की लोक मला ‘रुपेरीवाले सर’ म्हणायला लागले. मला सर म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

आणि मग एका सकाळी वज्रकर्णांनी लिहिलं, ‘रुपेरी ज्याला मऊ वाटतो त्याने कान तपासून घ्यावेत.’

गटातल्या लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. मी फोन खाली ठेवला आणि मला घाम फुटला. कारण आमच्याकडे ही चेष्टा नसते. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तीस वर्षं मागावर काढली. एके काळी अण्णा चहा पिता पिता नुसत्या आवाजावरून सांगायचे, की सात नंबरचा सूत नेणारा धोटा नीट जात नाहीये, जाऊन बघ. आता अण्णांच्या कानाशी ताट आपटलं तर ते म्हणतात, “कोण आलं?” ते काम आता माझ्याकडे आलं होतं. बारा माग मी कानानं सांभाळत होतो. माझेही कान चालले असतील तर घरात ऐकणारं कुणीच उरत नव्हतं. आणि ते तपासून घ्यायला मी मेलो तरी जाणार नव्हतो. एवढा मी भित्रा.

म्हणून मी जे भित्री माणसं करतात तेच केलं. दंड थोपटले. लिहिलं, ‘हिंमत असेल तर समोर येऊन ऐकवा. जो हरेल त्याने गटात चूक कबूल करायची आणि गट सोडून जायचं.’ वज्रकर्णांचं उत्तर दोन शब्दांचं होतं, ‘पत्ता पाठव.’

तर आता वज्रकर्ण इस्त्रीच्या साडीत आमच्या अंगणात उभे होते, आणि शेडकडे बघता बघता त्यांचा चेहरा बदलत चालला होता.

“हे माग तुमचे?” त्यांनी विचारलं.

“होय की.”

“तू रोज यात किती तास असतोस?”

“दहा. कधी बारा.”

“कानात काही घालतोस?”

“इयरफोन घालतो की.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, “मला वाटलं होतं माग नंबर बारा म्हणजे काहीतरी कविता असेल. मला ठाऊक असतं तर ते वाक्य मी लिहिलं नसतं.”

तेवढ्यात अण्णा आले. अण्णांचा साधा आवाज म्हणजे दुसऱ्याची आरोळी.

“कोण पावणं रं?” अण्णा गरजले.

“सांगलीच्या बाई आल्यात, अण्णा! इयरफोन ऐकायला!”

“मास्तरीण बाई? या की, बसा की! च्या टाकतो. घरात बायकामाणूस न्हाई, म्हायेराला गेलीया, पण च्या मला येतुया.”

“चहा नंतर,” बाईही आवाज चढवून म्हणाल्या. “आधी शांतता हवी. हे माग थोडा वेळ बंद ठेवता येतील का?”

आमच्या अण्णांनी आजाऱ्यासाठी, पाहुण्यासाठी, गेला बाजार माझ्या बहिणीच्या लग्नातल्या हळदीसाठीसुद्धा माग थांबवले नव्हते. पण मुख्याध्यापिका म्हणजे काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं. अण्णा मुकाट आत गेले आणि त्यांनी एकेक करत बाराच्या बारा माग थांबवले. कामगार खूश होऊन चहाच्या टपरीकडे पळाले. अंगणात अशी शांतता पसरली की मलाच कसंतरी वाटायला लागलं.

घराच्या पुढल्या सोप्यात बाईंनी पर्स उघडली. आतून डब्या निघाल्या, डब्यांतून पिशव्या निघाल्या, एक भिंग निघालं, कानात बसवायच्या रबरी टोप्यांचं पाकीट निघालं आणि फोनला जोडायचा एक काडेपेटीएवढा डबा निघाला. सगळं त्यांनी चटईवर ओळीनं मांडलं, प्रयोगवहीत मांडावं तसं.

“नियम सांगते,” बाई म्हणाल्या. “आवाजाची पातळी दोन्हीकडे मी एकसारखी ठेवणार. जो मोठ्याने वाजतो तो माणसाला उगाचच चांगला वाटतो, अर्धी भांडणं त्यातूनच होतात. तू डोळे मिटायचे. काय ऐकू येतं तेवढंच सांगायचं. काय ऐकू यायला हवं ते नाही. कळलं?”

“होय, बाई.”

“गाणंबिणं नाही. गाणं तुला पाठ असतं, मग कान ऐकत नाही, डोकं गातं. हे माझ्या शाळेतलं आहे. निवृत्त झाले त्या दिवशी तिसरीच्या वर्गात रेकॉर्ड केलेलं.”

मी माझा रुपेरी कानात घातला. बाईंनी सुरू केलं. आणि माझ्या कानात पस्तीस-चाळीस पोरी एका सुरात सातचा पाढा म्हणायला लागल्या. सात एके सात, सात दुणे चौदा. मला फस्सकन हसू आलं. मी संतूर, झालंच तर तबला वगैरेची तयारी करून बसलो होतो.

“हसू नकोस. ऐक.”

मी ऐकलं. पाढा संपला. बाईंनी विचारलं, “काय ऐकलंस?”

“पोरी हायत. डावीकडच्या पोरी जरा पुढं पळत्यात. मध्ये एकीचं नाक वाहतंय. फॅन आहे, त्याचं एक पातं घासतंय. सात सकला एक पोरगी त्रेचाळीस म्हणाली.”

बाईंच्या भुवया वर गेल्या. “ती सुरेखा. अजून त्रेचाळीसच म्हणते, आता सहावीत आहे. आणखी?”

“आणखी न्हाई.”

“पुन्हा ऐक.”

पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. बाईंनी त्यांचा काळा मला दिला. त्यात पाढा थोडा वेगळा आला, पोरी जरा जवळ आल्या, ‘स’ जरा धारदार झाला. मी म्हणालो, “बघा, मी लिहिलं तेच. काळा तिखट आहे. रुपेरी मऊ.” आणि छाती काढून बसलो.

माझी छाती बघून बाईंना आनंद व्हायला हवा होता, निदान राग तरी. त्यांनी फक्त चष्मा काढून पदरानं पुसला.

“सन्मती,” त्यांनी पहिल्यांदाच माझं खरं नाव घेतलं, “शेवटच्या बाकावरच्या एका मुलीच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत. ती हात हलवते. काळ्या इयरफोनात त्या बांगड्या मलाही धड ऐकू येत नाहीत, तो वरचा आवाज झाकतो. पण रुपेरीत त्या लख्ख वाजतात. रुपेरीची सगळी बदनामी त्याच वरच्या आवाजामुळे आहे. आणि मागांच्या खडखडाटात माणसाचं पहिलं काय जातं ठाऊक आहे? नेमका तेवढाच पट्टा. बाकी सगळं ऐकू येतं, म्हणून कळतसुद्धा नाही.”

“म्हंजे?” मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

“म्हणजे रुपेरी मऊ नाही. तुला तो जिथे टोचायला हवा तिथे...” बाई थांबल्या. “आपण भांडत राहिलो असतो तर बरं झालं असतं रे.”

अण्णा चहाचे पेले घेऊन दारात उभे होते. त्यांना शब्द ऐकू आले नाहीत, पण ओठ वाचायला त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनी पेले खाली ठेवले आणि माझ्या शेजारी बसले. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी चहा घेतला. चहावर कापसाचा एक तंतू तरंगत होता. आमच्याकडे कापूस चहात असतो, अंथरुणात असतो, पोह्यांत असतो. तो बाजूला करून आम्ही पितो.

“मी म्हटलं हुतं तुला,” अण्णा त्यांच्या मानानं हळू आवाजात म्हणाले, “मागावर नगं यायला. तू आईकलं न्हाईस.”

“आता कोण कुणाचं आईकणार, अण्णा,” मी म्हणालो, आणि त्याही स्थितीत आम्हा दोघांना हसू आलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या शिक्षिका होत्या. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढला, हे त्यांना आत कुठेतरी सलत होतं.

“थांब,” त्या म्हणाल्या. “मीही तुझ्याच इयरफोनातून एकदा ऐकते. नोंद पूर्ण झाली पाहिजे.”

त्यांनी माझ्या रुपेरीला आपल्या पिशवीतल्या नव्या रबरी टोप्या बसवल्या, केस कानामागे सारले आणि पाढा लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. सात त्रिकपर्यंत चेहरा मुख्याध्यापिकेचा होता. सात पाचेला कपाळावर आठ्या पडल्या. सात आठेला तोंड उघडं राहिलं. पाढा संपला तेव्हा बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

“गेले,” बाई म्हणाल्या.

“काय गेलं?”

“माझे कान गेले! बांगड्या नाहीत! मला ऐकू येत नाहीयेत! परवापर्यंत होत्या!”

“बाई, घाबरू नका...”

“घाबरू नको काय? अरे, एकसष्टावं चालू आहे मला! दुसरं काय आहे माझ्याकडे? शाळा संपली, मुलगा कॅनडात, दिवसभर मी हेच ऐकत असते!” बाईंनी पर्स उलटी केली. चटईवर रुमाल, गोळ्या, किल्ल्या, आवळासुपारी असा पाऊस पडला. त्यातून त्यांनी एक डबी पकडली आणि तिच्यातून काढला त्यांचा स्वतःचा रुपेरी. तोच रंग, तीच जात, माझ्यासारखाच.

कानात घातला. पाढा लावला. सात पाचेपाशी बाईंनी सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला की अण्णांनासुद्धा ऐकू गेला असावा.

“आहेत! बांगड्या आहेत! माझे कान आहेत!”

मग आम्ही दोघांनीही खाली बघितलं. चटईवर दोन रुपेरी पडले होते. एकात बांगड्या होत्या, एकात नव्हत्या. आणि ते कान माझे नव्हते, बाईंचे होते. दोन्ही वेळा एकच कान.

बाईंनी आपला रुपेरी माझ्यापुढे धरला. “घाल,” त्या म्हणाल्या. “डोळे मीट. मी काही सांगणार नाही.”

मी घातला. पहिल्याच ‘सात’ला कानात कुणी सुई खुपसली. मी ओरडलो. सात साती एकोणपन्नासला तर असा सणका गेला की डोळ्यांत पाणी आलं. चाळीस पोरींचे चाळीस ‘स’ माझ्या मेंदूत घुसले. इतका वाईट, इतका कर्कश, इतका टोचरा इयरफोन मी जन्मात ऐकला नव्हता. आणि त्या सगळ्या टोचणीच्या वर, लांब, उजव्या कोपऱ्यात, बारीक, किणकिण, किणकिण.

मी उठलो आणि सोप्यात नाचायला लागलो.

“बोचतोय! बाई, बोचतोय! आई गं, काय बोचतोय!”

“काय चावलं रं?” अण्णा दचकून उठले आणि त्यांनी चटई झटकायला घेतली. “इंचू हाय काय?”

“रुपेरी बोचतोय, अण्णा! मला बोचतोय!”

“मग काढ की भाईर, येडबंबू!”

“नाही काढणार!”

बाई एकदम कडक झाल्या. “नाच थांबव. मी आधीच बांगड्या सांगून बसले आहे, आता तुला भास होत असेल. पुरावा दे. कुठे वाजतात?”

मी पुन्हा पाढा लावून घेतला, जीव कानात आणून. “सात पाचेला तीनदा वाजतात. सात सातीला सारख्या वाजतात. सात आठेला एकदम गप. मग शेवटपर्यंत न्हाईत.”

बाईंनी गालावर हात ठेवला. “सात आठेला मी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं होतं,” त्या म्हणाल्या. “हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.”

मी बाईंच्या पायाच पडलो. बाईंनी मला उठवलं, हसायला लागल्या, आणि मग त्यांना ते आवरेना. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो आणि अण्णा अजून चटईखाली विंचू शोधत होते.

भानावर आल्यावर बाईंनी माझा रुपेरी उचलला, टोप्या काढल्या आणि भिंगाखाली धरला. इयरफोनच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. तीच आवाजाची वाट. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर पांढरट राखाडी काहीतरी दाबून बसलं होतं, सारखं, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना अगदी एकसारखं.

“हा इयरफोन तू कुठे ठेवतोस?”

“शर्टाच्या खिशात.”

“डबी?”

“डबीत तंबाखूचा मावा ठेवतो, बाई.”

बाईंनी पदराची पिन काढली आणि त्या जाळीवरचा थर टोकानं उचलला. दिव्याच्या वातीएवढा कापूस निघाला. दुसऱ्या बाजूनं तेवढाच. दोन वर्षांचा, मागावरून उडालेला, माझ्या खिशात जमलेला, कानाच्या दाबानं थापला गेलेला आमच्याच शेडचा कापूस. मी दोन वर्षं ज्याच्या मऊपणावर पानं भरभरून लिहीत होतो, ज्याच्यापायी मी चारशे लोकांशी वैर घेतलं आणि सर झालो, तो मऊपणा इयरफोनचा नव्हताच.

साफ केलेला माझा रुपेरी मी ऐकला. तोही सुईसारखा टोचला.

“कसा आहे?” बाईंनी विचारलं.

“बेकार.”

“मी काय लिहीत होते?”

“तुम्ही तेच लिहीत होता.”

“आणि काळा?”

“काळा लोण्यासारखा, बाई. तुम्ही म्हणाल ते.”

“आता कुठे पोरगा शहाण्यासारखा बोलायला लागला,” बाई म्हणाल्या. “पण एक सांगू? तो कापूस लावून तुझा रुपेरी काही वाईट नव्हता हं. मी घाबरले होते म्हणून बोलले नाही.”

अण्णांना सगळं समजावून सांगायला मला चांगली दहा मिनिटं लागली. मग ते म्हणाले, मलाबी दे. मी बाईंचा रुपेरी त्यांच्या कानात बसवला आणि आवाज वाढवला. अण्णा मांडी घालून, डोळे मिटून ऐकत राहिले. “पोरी पाढं म्हणत्यात,” ते हसून म्हणाले. “लय ग्वाड म्हणत्यात.”

“बांगड्या?” बाईंनी हातवारे करून विचारलं.

अण्णांनी मान हलवली. पुन्हा ऐकलं, पुन्हा हलवली. मग इयरफोन काढून हलकेच बाईंच्या तळहातावर ठेवला. “माझं ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “ह्याला बोचतंय न्हवं? मग लई झालं.” आणि त्यांनी माझ्या पाठीत असा दणका घातला की मी चटईवर पालथा झालो. अण्णांना आनंद झाला की ते मारतात.

बाईंनी मग आम्हा दोघांना ओळीत बसवून दम भरला. कानात बोळे घातल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, मी नाही, अण्णा नाहीत आणि कामगारही नाहीत. अण्णा म्हणाले, माझं आता काय राहिलंय. बाई म्हणाल्या, राहिलं असेल तेवढंच सांभाळा. चार वर्षं झाली, आम्ही अजून घालतो. टपरीवर लोक पहिले सहा महिने हसले, मग त्यांनीही मागून नेले.

राहिली पैज.

“पैज रद्द,” बाई म्हणाल्या. “प्रयोगात साधनाचा दोष निघाला.”

“अजिबात रद्द न्हाई,” मी म्हणालो. “बाई, मी हरलोय. मला हरू द्या की. आयुष्यात हरून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.”

मी फोन काढला आणि तिथेच बसून लिहिलं. ‘श्रवणसुख गटातल्या सर्व मंडळींना माग नंबर बाराचा नमस्कार. रुपेरीबद्दल दोन वर्षं मी जे लिहिलं ते सगळं चूक. मी ज्याला मऊ म्हणत होतो तो इचलकरंजीचा कापूस होता. वज्रकर्ण बरोबर होते. रुपेरी बोचतो. मला बोचतो. मला फार, फार बोचतो.’ आणि पाठवून दिलं.

मिनिटाभरात गट पेटला. एकानं विचारलं, कापूस कितीच्या सुताचा होता? एकानं, पोस्टानं थोडा पाठवता का? नगरच्या एका डॉक्टरांनी तर दोन्ही कानांपुरता मागितला. मी वाचून दाखवत होतो आणि बाई हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या. मग त्यांनी चष्मा लावला, आपला फोन हातात घेतला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, बराच वेळ काहीतरी लिहिलं. माझ्या फोनवर ते आलं. ‘एका मुलाला मी चारचौघांत कान तपासायला सांगितलं. आज मी स्वतः तपासले. असे कान मला तेहतीस वर्षांत कुठल्या वर्गात आढळले नाहीत. चूक माझी. कुमुदिनी आरवाडे.’

वज्रकर्ण बाई आहेत हे गटाला तेव्हा कळलं. तिथला गोंधळ मी पुढे वाचला नाही. मला नीट दिसत नव्हतं.

“आता गटातून जातो,” मी म्हणालो.

“मूर्खपणा करू नकोस. तिथे तुला सर म्हणतात.”

“म्हणूनच. शब्द दिलाय, बाई.”

“मग भांडायचं कुणाशी मी?”

“नंबर आहे की माझा. रोज भांडा.”

अण्णा उठले होते, माग चालू करायला शेडकडे निघाले होते. मी म्हणालो, “अण्णा, जरा थांबा, एक मिनिट शांत राहू दे.” ते उंबऱ्यात थांबले. मी गटाचं पान उघडलं, ‘गट सोडा’ असं लिहिलेलं सापडलं, आणि त्यावर बोट ठेवलं.

सोप्याच्या दुसऱ्या टोकाला, उलट्या पडलेल्या पर्सच्या आत, चेन लावलेल्या कप्प्यात, बाईंचा दुसरा एक जुना फोन होता. तोही त्याच गटात होता, पण बाईंनी तो फक्त कुणी आलं-गेलं तरच वाजेल असा लावला होता. मी गेल्याची खबर त्याच्यावर गेली आणि तो वाजला. अगदी बारीक, वरच्या सुरातली एक टिंग.

“काय झालं? गेलास?” अण्णांनी उंबऱ्यातून विचारलं. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं.

“गेलो, अण्णा,” मी म्हणालो. “वाजलं. मला ऐकू आलं.”